कमरेवरची डावी मूठ

कासेजिमा,
१४ जून १९८७

प्रिय तोकुजीदादास,

कोबेला उकाडा वाढला असेल. इथे कोळंबी सुरू झालीय, त्यामुळे माझी बोटं पुन्हा फुटली आहेत. तुझ्या खोलीवरची दोन कौलं बदलून घेतली. यांचा गुडघा बरा आहे. तू अजून उभ्याउभ्याच जेवतोस का?

दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता कौलांचं सांगत बसलेय. खरी बातमी ही, की आपली नागिसा खोटं बोलली!

गुरुवारी आईची पुण्यतिथी होती. देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे मी गोड सारणाचे दोन मांजू ठेवले. पाणी घेऊन परत येते तर एकच. नागिसा शेजारी बसलेली, ओठाच्या कोपऱ्यात सारण. तिला ओठ वाचता यावेत म्हणून मी नेहमीसारखं तोंड मोठं करून विचारलं, "कु-णी खा-ल्लं?"

तिने डावी मूठ कमरेवर ठेवली आणि उजवा हात वर केला. कानामागे पेन्सिल खोचल्यासारखं केलं. म्हणजे आई, दादा! मासळीचा हिशेब करताना पेन्सिल खोचणारी आपली आई, जिला हिने कधी पाहिलेलं नाही. मग पोटावर हात फिरवला, आजीला भूक लागली. आजी एकेक पाय टाकत चौकटीतून बाहेर आली, मांजू खाल्ला, तोंड पुसलं, परत आत जाऊन बसली. शेवटी स्वतःकडे बोट करून ठामपणे मान हलवली. मी नाही. मी नुसती बघत होते.

दारातून हे ओरडले, "अगं, ही सासूबाईंवर आळ घेतेय!" आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसले.

मी रडले. तीन वर्षं दर शनिवारी तिला शहरातल्या गुरुजींकडे नेत होते. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून 'पा, पा' करायचं. पट्टी छान उडायची. शब्द आले चार, त्यातले तीन गुरुजींनाच कळायचे. पाच वर्षांच्या त्या मुलीने, कधी न पाहिलेल्या बाईने कधी न केलेलं काम मला साग्रसंगीत सांगितलं.

मी तडक धक्क्यावर गेले. "गेंझोकाका, हिला हातांनी बोलायला तुम्ही शिकवलंत?"

"मी? मी मासे धरतो बाई, शाळा नाही काढलेली."

"मग आईची खूण हिला कुठून आली?"

"तुझी पोर रोज इथे बसते. इंजिनाच्या आवाजात आम्ही या होडीतून त्या होडीत बोलायचं कसं? हात घरी ठेवून येऊ?" मग त्यांनी नागिसाकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "आणि ती मूठ बघ! अगं सावाको, ती सुकाणू धरून बोलतेय!"

खरंच की. होडीवरची माणसं एका हाताने बोलतात, डावा सुकाणूवर असतो. हिला वाटलं मूठही बोलण्यातलीच. कुणी शिकवलं नाही, तिने बघून उचललं, चुकीसकट. बोलण्याची भूक ती जन्मतःच घेऊन आली होती, चव मात्र आपल्या धक्क्याची लागली. आता सगळा धक्का तिच्याशी मूठ कमरेवर ठेवून बोलतो आणि ती सगळ्यांना उलट उत्तरं देते.

काल गुरुजींना सांगून आले. ते म्हणाले, "हात चालले की जीभ आळशी होते." मी म्हटलं, "गुरुजी, माझी मुलगी आळशी नाही, लबाड आहे." आणि आम्ही दोघी आधीच्या लाँचने घरी आलो. वाटभर ती बोलत होती, मी उत्तरं देत होते. माझे हात गंजलेत, दादा. तिने दोनदा माझी चूक काढली.

आता ते, जे टाळतेय.

तू गेलास त्या वर्षी नववर्षाच्या जेवणाला ती तुझ्या मांडीवर होती. तू ऑक्टोपसची गोष्ट सांगत होतास, ती हसत होती, तिची बोटं तुझ्या बोटांमागे धावत होती. आणि सगळ्यांदेखत मी तुला सांगितलं, हिच्यासमोर हात खिशात ठेव. तेही हातांनीच सांगितलं. आणखी कशाने सांगणार होते? मला तोंडाने बोलता येण्याआधी तुझी भाषा येत होती. तू हात खिशात घातलेस, ताटाला शिवला नाहीस आणि सकाळच्या लाँचने गेलास. सल्ला गुरुजींचा होता, पण हात माझे होते. मला क्षमा कर.

नागिसाला अजून हातांचं नाव नाही. तोंडाचं आहे, ते तिला ऐकू येत नाही. धक्क्यावर तिला 'सावाकोची' म्हणतात. गेंझोकाका 'मांजूचोर' ठेवायला निघाले होते, मी अडवलं. या बेटावरच्या प्रत्येकाचं नाव तू ठेवलंस, हिचंही तूच ठेवायचं. ऑगस्टमध्ये बोनच्या सुट्टीत, पितर घरी येतात तेव्हा, तूही ये. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी गेंझोकाकांकडे जाऊन राहीन, पण तिला ताटकळत ठेवू नकोस. मी तिला सांगून टाकलंय की तिचा मामा येणार आहे. मामा कसा बोलतो, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही हातांनी. तिचा विश्वास बसत नाही.

हनुवटीवरचा व्रण दाखवून तू जिला हाक मारायचास, आणि दोन वर्षांत कुणी जिला त्या नावाने बोलावलेलं नाही,
ती तुझी धाकटी बहीण