पातेल्यातला कार्बोरेटर

सुयोग,

तुला तीन हाका मारल्या. जीपखालून तुझे पाय तेवढे दिसले. म्हणून ही चिठ्ठी तुझ्या चपलेत खोचून जाते.

मी रिक्षाने कांजूरला श्वेताला आणायला चालले आहे. माझी सून रुसून माहेरी गेली त्याला आज नववा दिवस, आणि तू अजून पाने घेऊन गाडीखालीच. तिच्या आईने दिलेल्या दुधाच्या पातेल्यात कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजत घातलास, वर तिलाच म्हणालास, "धुतलं की जातं." मी तीनदा चिंचेने घासलं मेल्या, चहाला अजून पंपाचा वास येतो.

डोंगर चढते, नदी ओलांडते म्हणून ही जुनी जीप घेतलीस. दसऱ्याला मी तिच्या चाकाखाली ठेवलेलं लिंबू अजून अख्खं आहे, वाळून सुपारी झालंय नुसतं.

नवं पातेलं मी घेतलंय. पण तुझ्या वतीने माफी मागणार नाही, ती तू येऊन मागायचीस. डाळभात झाकलाय. हात घासून धू, जेव आणि नीघ. तिथे गाडीचं नाव काढू नकोस.

आता स्पष्टच सांगते, जीप डोंगर चढेल तेव्हा चढेल, तुला सासरचे दोन जिने चढवत नाहीत.