सगळं मोठ्या फादरांसाठी

३ जानेवारी, सकाळ
थकलो आहे. वर्ष नुकतंच लागलंय, म्हणजे हा थकवा मागच्या वर्षाचा उरलेला असणार.
या वर्षाचा संकल्प: साधेपणा. पण त्यासाठी आधी हे निवासस्थान दुरुस्त करून घेणं भाग आहे. नळ गळतो, खिडकी लागत नाही, पलंग कूस बदलली तरी कुरकुरतो. प्रार्थनेला बसलो की सगळं लक्ष नळाकडे. अशा घरात धर्मगुरूचं मन ऐहिक गोष्टींतून निघणार कसं?

९ जानेवारी
पॅरिश कौन्सिलची मीटिंग. दुरुस्तीचा विषय काढताच सगळ्यांचे चेहरे उतरले. खजिनदार म्हणाला, आधी चर्चचं छप्पर बघा, गाणाऱ्या मुलींच्या डोक्यावर गळतंय. मी म्हटलं, छप्परही होईल. खजिनदाराने वही मिटली.
मग एकदम सुचलं. म्हटलं, मोठ्या फादरांना आता जिना चढवत नाही.
मोठे फादर म्हणजे माझ्या आधीचे इथले धर्मगुरू. निवृत्त होऊन माझ्याच सोबत माडीवर राहतात. कौन्सिलमधल्या बहुतेकांचा बाप्तिस्मा त्यांनी केलेला, लग्नंही त्यांनीच लावलेली. नाव काढताच मीटिंग विरघळली. लिफ्ट एकमताने मंजूर.
खरंच त्यांचाच विचार मनात होता. बराचसा.

२ फेब्रुवारी
कॉन्ट्रॅक्टर भला माणूस आहे. म्हणाला, लिफ्ट बसवायची तर भिंत पाडावी लागेल, भिंत पाडली तर बाथरूम तशीच ठेवणं बरं दिसणार नाही. पटलं. बाथटब घ्यायचं ठरलं. म्हाताऱ्या हाडांना गरम पाण्याने बरं वाटतं. माझी हाडं तरी कुठे नवी आहेत?
जमिनीला संगमरवर. पाय घसरू नये म्हणून. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, संगमरवरावर उलट जास्त घसरतो. मग वर गालिचा घालू म्हटलं.
काम चालू असेपर्यंत मोठ्या फादरांना चर्चमध्ये वेदीमागे, सॅक्रिस्टीशेजारच्या खोलीत हलवलं. तिथे मेणबत्त्यांची खोकी नि फुलदाण्या असायच्या. खोली लहान आहे, पण तात्पुरतीच. ते म्हणाले, छान झालं, वेदी जवळ आली. ते असंच बोलतात. ऐकणाऱ्याला उगाच अपराधी वाटतं.

७ फेब्रुवारी, शनिवार
दर शनिवारसारखं मोठ्या फादरांकडे कन्फेशन केलं. चिडचिड, आळस, मावशींच्या स्वयंपाकाबद्दल कुरकुर. नेहमीचंच. घराबद्दल काही सांगितलं नाही. दुरुस्ती हे पाप नव्हे.

१५ मार्च
बिशपसाहेबांचा फोन. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलंय. मी सगळं सविस्तर सांगितलं: लिफ्ट वृद्ध धर्मगुरूसाठी, टब वृद्ध धर्मगुरूसाठी, रुंद दारंही. बिशपसाहेब म्हणाले, असा विचार करणारे फार कमी उरलेत. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला माझा अभिमान वाटत होता.
आज मिस्सात बायबलमधलं वाचन नेमकं दारातल्या भिकाऱ्याकडे न बघणाऱ्या श्रीमंत माणसाचं आलं. प्रवचन आटोपतं घेतलं. लोक खूश.

२० एप्रिल
लिफ्ट बसली. दिवसभर वर-खाली करून तपासली. मोठ्या फादरांना आणून बसवण्याआधी खात्री नको?
कपड्यांसाठी स्वतंत्र खोली करावी लागली. मावशी स्वयंपाकघरातून मुद्दाम बघायला आल्या. म्हणाल्या, मोठ्या फादरांकडे दोन तर झगे, त्यांना एवढं कपाट कशाला? मावशींना दूरदृष्टी नाही.

११ मे
राहायला आलो. गादी इतकी मऊ की आत बुडाल्यासारखं होतं, पाठ धरली. सवय होईल.
टबात आज बसणार होतो. हीटरची वायर अजून जोडलेली नाही.

१२ मे
गार पाण्याच्या टबात बसण्यात अर्थ नाही. थांबतो.

३१ मे
नव्या बैठकीत कोणी येत नाही. चामड्याचा सोफा आहे, साधा पंखा नाही, एसी आहे, तरी नाही. सॅक्रिस्टीबाहेरच्या बाकावर मात्र सकाळपासून माणसं. मोठे फादर दार उघडं ठेवून बसतात, जो येईल त्याचं ऐकतात. फालतू तक्रारीसुद्धा ऐकतात. त्याने वाईट पायंडा पडतो.
आज एक आजी चुकून माझ्याकडे आल्या. सोफ्यावर टेकल्याच नाहीत, चपला हातात धरून गालिच्याच्या कडेला उभ्या राहिल्या. विचारलं, मोठे फादर कुठे बसतात? मी खिडकीतून दाखवलं. जाताना म्हणाल्या, घर सुंदर आहे हो, कोणाचं?

६ जून, शनिवार
कन्फेशननंतर मोठ्या फादरांना म्हटलं, आता वर राहायला या. मनापासून म्हटलं. त्यांनी विचारलं, माझ्याच खोलीत ना? तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या खोलीतच माझे कपडे आहेत.
म्हटलं, जागा करतो. ते म्हणाले, राहू दे रे, मी इथे मजेत आहे. तू फार दमलेला दिसतोस, तू घे थोडा आराम.
दमलेला आहे हे आजवर कोणीच म्हटलं नव्हतं. कौन्सिल नाही, बिशप नाहीत, सख्खी बहीणही नाही. रुमाल काढून डोळे पुसले. सॅक्रिस्टीत धूळ फार आहे.
संकल्प: या आठवड्यात त्यांची खोली रिकामी करायची. आणि टब.

२४ जून
हीटर जोडला. आता पाणी वर चढत नाही. प्लंबर म्हणतो, टाकी उंच हवी. खोली उद्यापासून रिकामी करायला घेतो. आज कंबर दुखतेय.

१९ जुलै
बिशपसाहेब घराला आशीर्वाद द्यायला आले. कौन्सिल झाडून हजर. लिफ्टने वर नेलं. बिशपसाहेबांनी रुंद दारं पाहिली, टबाला धरायचे दांडे हलवून पाहिले, हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. मीही भरून आणले.
मग सगळ्यांसमोर म्हणाले, आपल्या धर्मप्रांतातले निवृत्त फादर कुठे कुठे कोपऱ्यात पडलेत, त्यांच्यासाठी जागा शोधून मी थकलो होतो. या फादरांनी आधीच बांधून ठेवली. आजपासून हे वृद्ध धर्मगुरूंचं घर, आणि सेवेची जबाबदारी अर्थातच यांची, कारण कल्पना यांची.
टाळ्यांचा कडकडाट. सर्वांत जोरात खजिनदार. मला तोंड उघडायला जागाच नव्हती, कारण बिशपसाहेबांचा शब्दन् शब्द माझाच होता. मीही टाळ्या वाजवल्या.

२ ऑगस्ट
म्हातारे फादर आले. एकाला ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही, एकाचं दोन्ही शाबूत आहे आणि तो अखंड बोलतो. मोठे फादर वर जायला तयारच नव्हते, सोबतीसाठी चला म्हणून बाकीच्यांनी ओढून नेलं. कपड्यांची खोली पुन्हा त्यांची झाली. काल एका दुपारात रिकामी केली. जमतं म्हणजे.
मी सॅक्रिस्टीशेजारच्या खोलीत. मेणबत्त्यांचा वास येतो. नळ इथेही गळतो.

१० ऑगस्ट
टाकी उंच केली. बिशपसाहेबांनी एका शब्दावर मंजूर केली. गालिचा काढला, म्हातारे अडखळतात.
मोठ्या फादरांना पहिल्यांदा टबात बसवलं. मी बाह्या सरसावून शेजारी संगमरवरावर गुडघे टेकले. फार लागतो संगमरवर. पाणी मात्र अगदी हवं तसं होतं, हात घालून पाहिलं. त्यांच्या पाठीवरून मगाने पाणी सोडत राहिलो. केवढीशी पाठ ती, माझ्या लक्षातच आली नव्हती.
त्यांनी डोळे मिटून डोकं मागे टेकलं. मग म्हणाले, फार बरं वाटतंय रे. तुला तर रोजची सवय झाली असेल, आता चुकल्यासारखं होत असेल ना?
मी म्हटलं, हो, थोडंसं.
खोटं बोललो. शनिवारी कन्फेशनमध्ये सांगावं लागेल. आणि माझं कन्फेशन तेच ऐकतात.