पालकांच्या विनंतीवरून

विलेपार्ले (पूर्व)
शनिवार, २४ मे २०२५

प्रिय मधुवंती,

आधी नुसतं 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. अकरा वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा वाटून खाल्लेल्या बाईला काय लिहायचं असतं ते आता आठवत नाही. तू बरी असशील. तुझा भाचा निलेश मला बँकेत भेटला, त्याच्याकडून तुझा मुलुंडचा पत्ता घेतला. नंबरही देत होता, मी नको म्हटलं. फोनवर मी भलतंच काहीतरी बोलले असते आणि तू ठेवून दिला असतास.

इकडे सगळं ठीक. श्यामसुंदर रोज सकाळी फिरायला जातात आणि आल्यावर कोण कोण दिसलं नाही ते सांगतात. माझा डावा गुडघा गेला आहे, उजवा जायच्या बेतात आहे. जिना चढायला वेळ लागतो एवढंच.

जिना चढावा लागतो, कारण दोन वर्षांपासून मी परत शिकवते. आमच्या ग्रंथालयाच्या वरची खोली दुपारी रिकामी असते, तिथे दोन ते चार. दहावी राहिलेली मोठी माणसं येतात. यंदा सात जण होते. कुंडलिक म्हणून एक वॉचमन आहे, त्रेपन्न वर्षांचा. तो इतकं दाबून लिहितो की मागच्या दोन पानांवर अक्षरं उमटतात. पोळ्या करायला जाणारी रश्मी आहे, ती दोन कामांच्या मधल्या वेळात येते. सुरुवातीला मला वाटायचं, यांना येत नाही. मग लक्षात आलं, निम्म्यांना फळाच दिसत नव्हता. पहिल्या महिन्यात मी व्याकरण बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना चष्मे करून आणले. शिकवण्यापेक्षा असलीच कामं जास्त. जुना दाखला शोधायचा, लग्नाआधीचं नाव आणि आत्ताचं नाव जुळवायचं, बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. नवऱ्याला फोन करून सांगायचं की हो, ती खरंच वर्गात असते.

गेल्या जुलैत विनिता आली. जुहूच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासे विकते. चव्वेचाळीस वर्षांची. मच्छीमार सोसायटीच्या कमिटीवर तिला घेतलं आहे, पण सभेत काय ठरलं ते लिहायची वेळ आली की ती वही दुसऱ्याकडे सरकवते, याची तिला लाज वाटायची. तिने पिशवीतून दाखला काढून माझ्यासमोर ठेवला. अक्षर माझं होतं, मधुवंती. शाळा सोडल्याचं कारण : पालकांच्या विनंतीवरून.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही दहावी ब च्या ना? मी खालून आवाज ऐकला आणि तेव्हाच ओळखलं." तिला आनंद झाला होता. मी तिला बसायला सांगितलं आणि फॉर्म भरायला घेतला.

तुला नऊ नावं आठवत असतील. ९५चा ऑक्टोबर. सहामाहीचा निकाल लागला आणि मोठ्या बाईंनी यादी केली. या मुली शाळेतर्फे बसल्या तर शंभर टक्के निकाल जाईल, त्यांचे दाखले काढा, बाहेरून बसू देत. खाली दोघींपैकी एकीची तरी सही हवी होती, मराठीची मी आणि गणिताची तू. तू म्हणालीस, "सुहास, तू करू नकोस, मग त्यांना करताच येणार नाही." मी केली. तू दुसऱ्या दिवशी राजीनामा दिलास, आणि त्यानंतर आपण बोललो नाही. एवढं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते आता लिहिते. क्लार्क रजेवर होता म्हणून नऊही दाखले मी लिहिले. पालकांना बोलावून सांगायचं कामही माझ्याकडे आलं. आठ जणांनी ऐकून घेतलं आणि गेले. विनिताचे वडील चंदर मात्र उठले नाहीत. त्यांनी विचारलं, पोरगी ढ आहे का? मी म्हटलं, कच्ची आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येईल, मी स्वतः फॉर्म घेऊन घरी येईन.  ते म्हणाले, "शालेनं काढली असा तिला सांगू नका, बाई. ती सोताला ढ समजंल. मीच काढली असा मी सांगतो. फॉर्म घेऊन तुमी या."

आणि त्यांनी तसंच सांगितलं. मी फॉर्म घेऊन गेले नाही. नोव्हेंबरात जाईन म्हटलं, मग स्नेहसंमेलन आलं, मग मुदत टळली. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. शोधलं, सापडलं नाही.

विनिता मात्र तीस वर्षं धरून बसली होती की बापाला मुलगी शिकलेली नको होती. मला ती पहिल्याच आठवड्यात हे सहज बोलली, कोलंबी कशी साफ करायची ते सांगता सांगता. मी गप्प राहिले. जुलै ते मार्च गप्प राहिले. तिला जास्तीचा वेळ दिला, माझ्याकडची पुस्तकं दिली, तिच्यासाठी थालीपीठ नेलं. ती सगळ्यांना सांगायची, आमच्या बाई देवमाणूस आहेत.

परीक्षेला दहा दिवस होते तेव्हा मी निबंध दिला, 'माझे वडील'. मुद्दाम नव्हता दिला, पुस्तकातल्या यादीत होता. तिने अर्धं पान लिहिलं. 'माझ्या वडीलांनी माझी शाळा सोडवली. त्यांनी मला कधी विचारले नाही. ते वारले तेव्हा सगळे रडले, मी रडले नाही.' मी 'वडिलांनी' मधली वेलांटी ऱ्हस्व केली, दहापैकी सात गुण दिले आणि वही परत केली. त्या दिवशी घरी आल्यावर श्यामसुंदरांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, परीक्षा होऊ दे, आत्ता सांगितलंस तर ती बसणार नाही. मला ते लगेच पटलं. मला पटणारच होतं.

शेवटच्या पेपरनंतर सगळे पेढे घेऊन वर आले. बाकीचे गेले, तिला मी थांबवलं आणि सांगितलं. यादी, सही, दाखला, चंदर काय बोलले ते.  संपल्यावर ती म्हणाली, "तो काय बोलला ते परत सांगा." मी सांगितलं. "परत सांगा." मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग तिने चपला घातल्या आणि गेली.

दोन महिने ती आली नाही. मी बाजारात जायचं टाळलं, श्यामसुंदर भाजी आणायचे. निकाल लागला तेव्हा कुंडलिककडून कळलं की ती गणितात गेली, बाकी सगळ्यात पास. मराठीत एकाहत्तर.

परवा गुरुवारी ती गुणपत्रिका घेऊन आली. सांगत होती, त्या दिवशी इथून निघून ती आईकडे गेली. तिच्या आईला, सखुबाईंना, सगळं माहीत होतं. चंदरनी त्यांना शपथ घातली होती. तो नोव्हेंबर, डिसेंबर ते माझी वाट बघत होते. बाई फॉर्म घेऊन येणार म्हणून बंदरावरून लवकर घरी यायचे. पुढे दर वर्षी दहावीचा निकाल लागायचा त्या दिवशी ते घरात थांबायचे नाहीत. विनिता हे सांगत असताना मी तिच्याकडे बघू शकले नाही, आणि ती थांबली नाही.

मग म्हणाली, "बाई, माफ केलं असं मी बोलणार नाय. ते माझ्याच्याने नाय होणार. पण माझं गणित राहिलंय, ते करून द्या."

म्हणून हे पत्र. पुरवणी परीक्षा महिन्याभरावर आहे. माझं गणित तुला माहीत आहे, वर्षभर मी तिला आदल्या दिवशी वाचून दुसऱ्या दिवशी शिकवलं, बावीस गुण मिळाले ते तिचे नाहीत, माझे आहेत. गणित शिकवायला दोन जण आले आणि सोडून गेले. तुझ्याइतकं छान भूमिती समजावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मुलुंडहून लांब पडेल, कळतं मला. आठवड्यातून दोनदा आलीस तरी पुरे. मी असलेली तुला नको असेन तर त्या दिवशी मी वर येणार नाही, किल्ली ग्रंथालयात ठेवीन.

तुझं नाव मी विनितासमोर काढलं. तू सही केली नाहीस, नोकरी सोडलीस, सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने ऐकून घेतलं आणि एक निरोप दिला. तो पाठवावा की नाही यावर दोन दिवस गेले. मी एकदा मधलं माणूस होऊन गप्प राहिले आहे, म्हणून तिचे शब्द आहेत तसे लिहिते.

"त्या बाई उठून गेल्या, बरं केलं. पण आमच्या घरी त्याही नाय आल्या. आता या म्हणावं."

वर्ग मंगळवारपासून आहे.

जिच्याशी तू बोलणं सोडलंस ते बरोबरच केलंस, ती
सुहासिनी