आईला न सांगता केलेली घरांची अदलाबदल

२ एप्रिल
जानेवारीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. वही सापडली तर पेन नाही. पेन सापडलं तर वहीवर जहाजं काढत बसलो. आज मात्र लिहायलाच हवं. जबाबदारी आली आहे. आईला कारखान्यातून सहा वर्षांनी सलग आठ दिवस रजा मिळाली, ९ मेपासून. तिला समुद्र बघायचाय. बाबा टूर कंपनीकडे निघाले होते, मी दारात आडवा झालो. म्हटलं, अकरा शहरं पालथी घातलेला माणूस घरात असताना एजंट कशाला? ताई म्हणाली, तू स्टेशनवर झोपतोस, आम्हाला झोपायचं नाहीये. दुर्लक्ष केलं.

५ एप्रिल, सकाळी
रिसर्च जोरात. हॉटेलं बघायला बसलो, दीपगृहांवर पोचलो. दीपगृहाचा दिवा कसा फिरतो, कुणीही मला विचारावं. हॉटेलं उद्या.

१४ एप्रिल
हॉटेलं बघितली नाहीत तेच बरं! एक वेबसाइट सापडली. आपण आठ दिवस समुद्रकाठच्या एका कुटुंबाच्या घरात, ते आपल्या घरात. भाडं शून्य, खिडकीत समुद्र. तिथल्या बाई शाळेत शिकवतात. नवरा, दोन मुलं, सासूबाई. आपल्या स्वयंपाकघराचे फोटो पाठवले, त्यांना फार आवडले. पक्कं केलं.
अडचण एकच. आई शेजारच्या काकूंनासुद्धा ओट्याला हात लावू देत नाही. तिला सांगायला हवं. योग्य वेळी.

२२ एप्रिल
आईने वाळूत चालायला चप्पल घेतली. घरातच घालून फिरत होती. असा मूड कशाला घालवावा? घर ओळखीच्यांचं आहे, एवढंच सांगितलं. खोटं नाही, आता ओळख झालीच आहे.
बाबांनी तिकिटांचं विचारलं. जातिवंत प्रवासी शेवटच्या आठवड्यात तिकीट काढतो, हे त्यांना समजावलं.

३ मे
ट्रेन फुल्ल. बसही फुल्ल. मी शांत आहे. बोटीची चौकशी केली. आपल्या शहरात पाणी नाही एवढं सोडलं तर प्लॅन उत्तम होता.

७ मे
ताईने कॉलरच धरली. आईच्या रजेचं मातेरं केलंस, म्हणाली. कबूल केलं, तिकिटांपुरतं. आई म्हणाली, असू दे, कपाटं आवरायचीच होती.
एक बरं झालं, अदलाबदलीचं आता सांगायलाच नको. त्या बाईंना फक्त नकार कळवायचा. माफीचा मेसेज लिहायला घेतला. पहिलं वाक्य छान जमलं. मग त्यांच्या मुलाने पाठवलेले शिंपल्यांचे फोटो बघताना शिंपल्यांच्या जातींत शिरलो.

८ मे
मेसेज नऊ ओळींचा झाला. शेवट जमत नाही. उद्या सकाळी ताज्या डोक्याने.

९ मे, सकाळी साडेनऊ
खाली मिनीबस. दारात पाच माणसं, सात बॅगा. सासूबाईंनी आईला विचारलं, तुम्ही अजून निघाला नाहीत? आईने माझ्याकडे बघितलं. मी शिंपल्यांबद्दल काहीतरी बोललो.
त्या बाईंनी अदलाबदलीचं सगळं सांगून त्यांच्या घराची किल्ली आईच्या हातात ठेवली. मग आई सरळ खाली गेली. मी खिडकीतून ऐकतोय. ती ड्रायव्हरला विचारतेय, परत रिकामीच जाणार का गाडी? तो म्हणाला, हो, बसा की, किती जण? आई म्हणाली, तिघं. पाहुणे आलेत, घरी कुणीतरी हवं.