झेपवाल्याची ताई

प्रिय चिठ्ठीबाई,

आधी तुझ्या सुनेला सांगते. मुली, हे पत्र सासूला मोठ्याने वाचून दाखव. लिहिलंय तेवढंच वाच, पदरचं काही घालू नकोस. ते काम कुणाचं, ते पुढे कळेल.

तर बाई, आपल्या झेपवाल्याच्या कॉमिकचा शेवटचा भाग आला. दुकानदाराने तुझ्यासाठी बाजूला ठेवला होता, मी उचलला. तू लॉन्ड्री सोडलीस, कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या आता दुसरीच कुणी टाचते, ती वाचून दाखवत नाही. म्हणून माझं मीच वाचलं. बोट ठेवून, अडखळत. जोडाक्षर आलं की त्याला दोन शिव्या आणि पुढे. कसं आहे विचारशील तर चित्रं झकास. मारामारी उगाच लांबवलीय, तेवढ्यात माझ्या सगळ्या चादरींना इस्त्री झाली असती. तो काळा सेनापती मरता मरताही भाषण ठोकतो. शहर वाचतं, आणि झेपवाला एका उंच गच्चीवर पाठमोरा, एकटा उभा. संपलं.

मी म्हटलं, ताई कुठाय? त्याची थोरली बहीण, गुडघे चोळत दारात बसणारी, एवढं शहर वाचवलंस पण येताना दूध कोण आणणार म्हणून ओरडणारी? पानं चिकटली असतील म्हणून उजेडात धरून बघितली. मग लिहिणाऱ्याचाच राग आला, इतक्या वर्षांची बाई शेवटी विसरला म्हणून. फळीवरचे जुने भाग काढले, एकेक चाळला. ताई कुठेच नाही. पहिल्यापासून नाही.

ज्याला जेवलास का म्हणून विचारणारं घरी कुणी नाही, त्याची गोष्ट मला नको, असं मीच पहिल्या दिवशी म्हणाले होते ना? दुसऱ्या दिवशी ताई हजर. माझी नजर इस्त्रीखालच्या कापडावर, तू गाठोड्यावर बसून वाचणार. चित्रात कोण आहे, कोण नाही, मला काय ठाऊक.

माझा भाऊ अपघातात गेला, त्यानंतरचा भागही काढला. आईमागे मीच वाढवलेला पोर तो. मला गोष्टबिष्ट ऐकायची नव्हती, तरी तू वाचलीस. त्यात ताई दार लावून घेते, कुणाचं तोंड बघायचं नाही म्हणते, आणि झेपवाला सगळं शहर टाकून बाहेर पायरीवर बसून राहतो, ती दार उघडेपर्यंत. तेव्हा मी इस्त्री बाजूला ठेवली आणि भाऊ गेल्यावर पहिल्यांदा रडले. लिहिणाऱ्याला माणसं कळतात, असं तुला म्हणालेही. तू नुसतं हं केलंस. पुस्तकात त्या जागी यंत्रं एकमेकांवर आदळतायत, बाकी काही नाही. आभार मानायला मला जमत नाही. पण त्या पायरीवर कोण बसलं होतं, ते आता कळलं.

डोळे गेले, आता ते पुस्तक माझ्या काय कामाचं, तूच ठेव, असा निरोप धाडलास. ऐक. रविवारी लॉन्ड्री बंद, मी पुस्तक घेऊन येतेय. छापलेलं मी वाचेन. अडखळले तर हसायचं नाही. गच्चीपर्यंत त्याला मी आणते. तिथून तो घरी कसा जातो, ताई त्याला काय काय सुनावते, ते तू सांगायचं. ते सांगायला डोळे तेव्हाही लागले नव्हते. दूध मी येताना आणते.

तुझीच,
इस्त्रीवाली