त्यानं न पाहिलेला किल्ला

आबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. एका शुक्रवारबद्दल मी तुमच्याशी खोटं बोललो आणि तुम्ही ते खरं धरून गेलात. ते आज सांगायला बसलोय. उशीर झालाय हे मलाही कळतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी चहा घे, मग काय ते बोल. चहा घेऊनच बसलोय.

अल कुसैसच्या कॅम्पात आपल्या बाजूचा कुणी नवा माणूस आला की पहिल्या शुक्रवारी तुम्ही त्याला दुबई दाखवायला न्यायचात. यात कधी खंड नाही. बाकीचे लोक सुट्टी झोपून काढायचे, कपडे धुवायचे आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून नव्या माणसाला घेऊन बसच्या थांब्यावर उभे. तुमची वाट ठरलेली होती. देऱ्याच्या धक्क्यावर उतरायचं, अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत, बसून खाडी ओलांडायची, पलीकडच्या गल्लीत जुन्या व्यापाऱ्यांची घरं बघायची, ज्यांच्या डोक्यावर वारा खाली ओढून घ्यायला चौकोनी मनोरे आहेत, आणि शेवटी किल्ला. एरवी तुम्ही शटरिंगचे फोरमन, त्या दिवशी गाइड होऊन जायचात. किल्ल्याच्या भिंतीवर हात ठेवून तुम्ही सांगायचात, हा दगड समुद्रातनं काढलेला, जवळ येऊन बघ, आत शिंपल्या दिसतात. आपली माणसं जलदुर्ग बघत वाढलेली, ती हसायची, हा एवढासाच किल्ला? तुम्हाला ते लागायचं, जणू बांधकाम तुमच्याच हातचं. म्हणायचात, यांच्याकडे होता तो एवढाच होता, पण यांनी तो ठेवलाय. मग दाराशी असलेल्या तोफेजवळ उभं करून फोटो काढायचा. एक प्रत घरी पाठवायची, एक तुमच्या पेटीत.

मला या सगळ्याची लाज वाटायची. मी टाइमकीपर, खिशाला दोन पेनं, चार वाक्यं इंग्रजी, आणि माझा बाप गावंढळ माणसांची रांग घेऊन गावभर फिरतो, असं मला वाटायचं. एकदा मी तुम्हाला कॅम्पच्या स्वयंपाकघरात विचारलंच. तुम्ही सुकट भाजत होता, शेजारच्या चुलीवरचे दोघे पंजाबी नाकाला रुमाल लावून उभे होते. मी म्हटलं, आबा, ही माणसं इथं राबायला आली आहेत, त्यांना किल्ला कशाला? तुम्ही तवा उतरवला आणि तुमच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. तुमच्या खोलीतला एक जण साइटवर पडून गेला. शवपेटी गावाला गेली. महिन्याभरानं त्याच्या आईनं कुणाकडून तरी निरोप धाडला, माझ्या मुलानं तिथं काय काय पाहिलं ते कळवा. खोलीत सहा माणसं होती, एकालाही सांगता येईना.

"साइट पाहिली, कॅम्प पाहिला, खलास. असं आईला लिहायचं?" तुम्ही म्हणालात. "एका देशात येतो माणूस, तो देश नको बघायला?"

मी मान हलवली आणि विसरून गेलो.

पुढच्या हिवाळ्यात तो आला. लाद्या बसवणारा, आपल्या पलीकडच्या वाडीतला, तिशीचा, कमी बोलणारा. घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. तुम्हाला नेमकं त्याच आठवड्यात अबू धाबीच्या साइटवर पाठवलं. जाताना तुम्ही कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवलात. ऊन पाठीमागून येऊ देऊ नको, घाई करू नको, त्याला भूक लागली तर आधी खायला घाल, अशा दहा सूचना. मी हो हो म्हटलं. त्या शुक्रवारी शारजात मॅच होती आणि माझ्या एका दोस्ताकडे जादा तिकीट होतं, मी तिकडे गेलो. दुसरं काही कारण नाही, आबा. मी तेव्हापासून कितीतरी कारणं शोधली, पण एवढंच आहे.

पुढच्या बुधवारी परांचीची फळी सरकली आणि तो चौथ्या मजल्यावरून खाली आला. तुम्ही अबू धाबीहून धावत आलात. कागद, शिक्के, पोलीस, विमानतळ, सगळीकडे तुम्हीच फिरलात. पेटी गेल्यावर तुम्ही माझ्या खाटेवर येऊन बसलात आणि फोटो मागितला. मला वाटलं होतं, तुम्ही विचारायचं विसराल.  मी सांगितलं, नेलं होतं त्याला, सगळं दाखवलं, पण रोल काढताना उजेड लागला, सगळा काळा झाला. मला वाटलं आता शिव्या बसणार. तुम्ही कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिलात. म्हणालात, झाकण सैल झालं होतं, मला ठाऊक होतं, चूक माझी. पुढच्याच आठवड्यात तुम्ही नवा कॅमेरा आणलात. शिव्या बसल्या असत्या तर आज मी हे लिहीत नसतो.

पण तेवढ्यावर भागलं नाही. तुम्ही कागद माझ्यापुढे ठेवलात. "फोटो नाही तर नाही, त्याच्या बायकोला पत्र लिही. तो काय म्हणाला ते सगळं लिही." तुमचं अक्षर वाईट म्हणून पत्रं नेहमी मीच लिहायचो. तुम्ही समोर बसलेले, चष्मा पुसत, आणि मी थापा मारतोय. होडीत बसल्यावर तो म्हणाला, आपली खाडी अशीच आहे. मनोऱ्यांची घरं बघून म्हणाला, आपल्याकडे असलं काही बांधायला हवं. मग मला काही सुचेना, तुम्ही वाट बघताय, म्हणून लिहिलं, किल्ल्याजवळ उभा राहून म्हणाला, मुलीला एकदा इथं आणायचं. ते वाचून दाखवल्यावर तुम्ही डोळ्यांना पंचा लावलात. मला मनात बरं वाटलं, की पत्र चांगलं जमलं. हे वाक्य लिहिताना माझा मलाच राग येतोय, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

तुम्ही गावी परतलात, दोन वर्षांत गेलात. मी इथंच राहिलो, टाइमकीपरचा ॲडमिन झालो, मुलं झाली, ती माझ्याशी इंग्रजीत बोलतात. आणि एक दिवस ऑफिसात फोन आला. काका, मी अमक्याची मुलगी. लग्न होऊन महिना झाला, अबू धाबीला खलिफा सिटीत राहते, मिस्टर एसीच्या कंपनीत आहेत. तिनं गावाकडून माझा नंबर मिळवला होता. म्हणाली, मला बाबांनी पाहिलेलं सगळं बघायचंय, तुम्हीच त्यांना नेलं होतं ना?

शुक्रवारी ती अबू धाबीच्या बसनं एकटीच आली, नवऱ्याला ड्युटी होती. ती उतरली तिथून किल्ला पाच मिनिटांवर. पण तिनं पर्समधून पत्र काढलं, माझ्या अक्षरातलं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं, आणि म्हणाली, आधी होडी लिहिलीय. म्हणून आम्ही उगाच खाडी ओलांडून पलीकडे गेलो आणि पुन्हा अब्र्यात बसून इकडे आलो. मध्यावर आल्यावर तिनं पाण्याकडे बघून मान हलवली, आपल्या खाडीसारखंच आहे म्हणून. मनोऱ्यांच्या घरांची तेव्हा डागडुजी होऊन ती अगदी नवी दिसत होती. तिनं विचारलं, बाबांच्या वेळी अशीच होती का? मी म्हटलं, जुनी होती, जास्त चांगली होती.

किल्ल्यापाशी तिनं भिंतीला हात लावून बघितलं. मग म्हणाली, "काका, आई मला लहानपणापासून हेच सांगायची. तुला तिथं न्यायचं होतं त्यांना. दोन स्थळं आली होती, एक चिपळूणचं होतं, चांगलं होतं. मी म्हटलं, दुबईकडचंच करायचं."

आता खलिफा सिटीत चार खोल्यांचा व्हिला, तीन कुटुंबांत वाटून, तिच्या वाट्याला एक खोली आणि दिवसभर बंद दार. चिपळूणला तिची मावशी होती. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, बोलता बोलता सांगितलं.

मग तिनं विचारलं, "बाबा नेमके कुठे उभे होते?"

आबा, त्या शुक्रवारी सकाळी तो कॅम्पच्या फाटकाशी उभा होता. केसांना तेल, पांढरा शर्ट, त्याच्या घड्या अजून पेटीतल्या. मी खिडकीतून पाहिलं आणि मागच्या कुंपणाच्या फटीतून निघून गेलो. संध्याकाळी मी परतलो तर तो त्याच शर्टात खाटेवर बसलेला. मला म्हणाला, काम निघालं असेल तुम्हाला, पुढच्या शुक्रवारी जाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा माणूस मला अहोजाहो करत होता. मी म्हटलं, इन्शाल्ला.

मी तिला तोफेची डावी बाजू दाखवली. ती तिथं जाऊन उभी राहिली, ओढणी नीट केली, आणि मी तिचा फोटो काढला, ऊन पाठीमागे न घेता. हसली नाही. परत येऊन म्हणाली, अजून काही बोलले होते का ते, पत्रात न आलेलं? मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं, हो, तुझं नाव घेतलं होतं.

तिला आता दोन मुलं आहेत. मे महिन्यात गावाला गेली की माझ्यासाठी आमसुलं आणते. कुणीही नवीन माणूस आला की त्याला खाडी, मनोरे, किल्ला दाखवायला नेते आणि तोफेच्या डाव्या बाजूला उभी राहून सांगते, माझे बाबा इथं उभे होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तुम्हाला कुठल्या पत्त्यावर टाकणार. आणि एक कबूल करतो. मी आज खरं म्हणजे तिला लिहायला बसलो होतो. तिचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि हाताला जमेना. म्हणून तुमचं लिहिलं, तुम्ही काही विचारणार नाही म्हणून.