बियाण्याचं गुलाबी औषध

ती. मंदाकिनी आत्यास,

सुदेशचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आणि नौपाड्यातल्या शेजारीणबाई, दोघांचीही कुरकुर थांबली असेल अशी आशा आहे. आम्ही मोहन्यात मजेत.

तुला वाटतं मी शहाडला बियाणं विकतो. विकत नाही गं, त्याला औषध लावतो. फिरत्या ड्रममध्ये बी ओतायचं, वर कीटकनाशक. (त्यात गुलाबी रंग असतो, कोणी चुकून ते बी खाऊ नये म्हणून. आम्हीही गुलाबी होतो, त्यामुळे आम्हालाही कोणी खात नाही.) माझी बायको, तुझी लाडकी सूनबाई अक्षदाही तिथेच पोती शिवते.

गेल्या महिन्यात ड्रमपाशी मला दरदरून घाम फुटला, लाळ सुटली, डोळ्यांना धारा लागल्या आणि मी शेटच्या चपलांवर ओकलो. शेट म्हणाले, "काल जास्त झाली वाटतं!" (मला खोकल्याच्या औषधानेही चढते, हे तुला ठाऊक आहे.) डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या पाहिल्या आणि विचारलं, "मास्क, हातमोजे देत नाहीत?" देतात की! ऑफिसच्या कपाटात, कुलपात असतात. तपासणीवाले साहेब आले की मिळतात, साहेब गेले की परत.

परवा साहेब आले. आम्ही नवरदेवासारखे सजलो. साहेब गेल्यावर शेट म्हणाले, "चला, काढा." अक्षदा म्हणाली, "नाही काढणार." शेटना ऐकू आलं नाही (मास्क चांगल्या प्रतीचा होता), म्हणून ती सरळ गेटबाहेर पडली. मागून आम्ही सगळे. (औषध लागलेले मास्क-हातमोजे घरी नेऊ नयेत म्हणतात, पण तिथे ठेवले असते तर पुन्हा कुलपात गेले असते.) रिक्षावाला घाबरला, "परत कोरोना आलेला काय?" मोहन्यापर्यंत त्याने मान बाहेर काढूनच रिक्षा चालवली. दुसऱ्या दिवशी आम्ही तसेच सजून हजर. पेरणी तोंडावर, ट्रक दारात उभे. शेटनी कुलूपच काढलं. आता कपाट उघडं असतं.

मी ठणठणीत आहे, काळजी नसावी.

तुझा,
सुदेश

ता. क. आईने विचारलं तर तुझ्याकडची कोलंबी मला बाधली असं सांग. मी तेच सांगितलंय.

ता. क. आत्या, मी अक्षदा. सुदेश बोलला, मी लिहिलं. हात थरथरतात, त्याला पेन धरवत नाही. आता तो मोरीत आहे तेवढ्यात लिहितेय. काहीतरी निमित्त काढून त्याला बोलवा आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांकडे न्या, माझं ऐकत नाही. आणि डॉक्टरांसमोर त्याला विनोद करू देऊ नका. गेल्या वेळी डॉक्टर हसत बसले आणि हात तपासायचे राहून गेले.